बॉनेटखालची आसरा

आमच्या घरी गाडी आली ती कोणी मागितली होती म्हणून आली नाही. भाऊ, म्हणजे माझे वडील, सोयाबीनची पोती घेऊन कारंज्याला गेले होते. तिथल्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी त्यांच्या फाटकात आडवी अडकून बसली होती. ती ढकलून बाजूला करायला चार माणसं बोलावली, त्यात भाऊही होते. ढकलता ढकलता त्यांच्या मनात आलं, एवढी मेहनत करतोच आहोत तर घरीच नेऊ. संध्याकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून मागे एक पांढरी गाडी गावात शिरली, आणि पिठाच्या गिरणीवर उभी असलेली सगळी माणसं दळण सोडून आमच्या अंगणात आली. मायने आधी ट्रॅक्टरला भाकर ओवाळली, मग गाडीला ओवाळली, आणि मग भाऊंना विचारलं, "हे चालवते कोन?" भाऊंनी याचा विचार केलेला नव्हता. आयुष्यभर त्यांनी फक्त ट्रॅक्टर चालवला होता. गाडीतही ते ट्रॅक्टरवर बसल्यासारखे अर्धे उठून मागे बघत आणि दर वेळी टपावर डोकं आपटून घेत.

आमचं गाव इंझोरीच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. घरात आम्ही तिघंच. सकाळी माय चुलीवर भाकरी थापायची त्याचा थपथप आवाज, गिरणीची पुकपुक, आणि विहिरीवरच्या मोटारीची वाट पाहत बसलेलं गाव. लाइट आली की कोणीतरी ओरडायचं, "आली, आली!" आणि माणसं हातातला घास ताटात टाकून विहिरीकडे पळायची. आमच्याकडचं वीजशास्त्र सगळं त्या मोटारीतून आलेलं होतं. आज माझ्याकडे आहे ती गाडी काचेवर थेंब पडला की आपणहून पुसते, मला विचारतही नाही. मला तिचा थोडा रागच येतो. माणसाला काहीतरी दुरुस्त करायला शिल्लक ठेवावं.

गाडी आल्यावर पंधरा दिवसांत दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे जे जे म्हणून चालतं, फिरतं, कापतं, त्याची पूजा होते: विळा, कुऱ्हाड, वखर, फवारणीचा पंप, माझं शिलाई मशीन. भाऊंनी आदल्या दिवशी गाडी आतून-बाहेरून धुतली. डॉक्टरांच्या ड्रायव्हरने त्यांना सांगितलं होतं की बॉनेटच्या आत काच धुण्याच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली असते, तिच्या बाजूला एक मोठा बोल्ट आहे, त्याला बऱ्याच काळ्या तारा लावलेल्या आहेत, तो सैल करून घासून काढत जा, गंज धरतो. भाऊंनी तो सैल केला, घासून चकचकीत केला आणि हात धुवायला मोरीत गेले. तेवढ्यात माय पूजेचं ताट घेऊन आली. तिने उघड्या बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं, तर पाण्याच्या बाटलीशेजारी एक नुकतंच घासलेलं, चमकणारं, गोल, उभं काहीतरी. आमच्याकडे विहिरीच्या काठावर, नदीच्या डोहावर शेंदूर लावलेले दगड असतात. त्या आसरा, पाण्याच्या देवी. जिथं पाणी भरून ठेवलंय तिथं आसरा असायचीच. मायला त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तिने तेलात कालवलेला शेंदूर बोटाने घेऊन त्या बोल्टाच्या चारी बाजूंनी, वर, खाली, तारांच्या टोकांमध्ये, नीट भरून लावला, झेंडूचं फूल ठेवलं आणि नारळ फोडला.

भाऊ मोरीतून आले तोवर देवी बसली होती. आता बसलेली देवी पुसून काढणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी जन्माला आलेला नव्हता. भाऊंनी देवीला हात जोडले, पाना घेतला, आणि शेंदरासकट बोल्ट आवळून टाकला. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

त्या वर्षी मी बी.एड. होऊन घरी बसले होते. पोहरादेवीच्या अंगाला, आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर एक शाळा होती, तिथं विज्ञान शिकवायला शिक्षिका हवी होती. मुलाखत झाली, मला घेतलंही. पण मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "बाई, बस इथं साडेअकराला येते. प्रार्थना साडेदहाला होते. मला प्रार्थनेला हजर राहणारी शिक्षिका पाहिजे. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पहिल्या दिवशी तुम्ही फाटकात दिसलात तर जागा तुमची. नाही तर संस्थेच्या चेअरमनांचा पुतण्या आहेच." त्या पुतण्याचं घर शाळेच्या समोर होतं. मला ती नोकरी हवी होती. आजही लिहिताना माझा हात जरा जोरात चालतो, इतकी हवी होती. नोकरी गेली असती तर मामा पाहुणे घेऊन येणारच होते, आणि मग माझं विज्ञान चुलीपुढे बसलं असतं. भाऊंनी रोज सोडायला यावं म्हटलं, तर ते म्हणाले, "मी रोज सोडून राह्यलो त नोकरी माहीच झाली की वो बेबी. तू चालवाय शिक. लायसन काढ." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की गावात आजवर एकाही बाईने हे केलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. तोवर मी शिकाऊ लायसनचा फॉर्म भरून मोकळी झाले होते.

मी रोज सकाळी इंझोरीच्या रस्त्यावर गाडी शिकायला जाई. शेजारी सुखदेव मिस्तरी बसत. ते गावातल्या सगळ्या मोटारींचं वाइंडिंग करणारे गृहस्थ, भाऊंचे जुने सोबती. त्यांना बसवायचं कारण असं की आमच्या सगळ्या गोतावळ्यात पक्कं लायसन असलेला माणूस तेवढा एकच होता. तरुणपणी ते कोणाची तरी जीप चालवत. नंतर बारा वर्षं त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता आणि आता लावायची इच्छाही नव्हती. ते डोळे मिटून बसत आणि मधूनमधून म्हणत, "ब्रेक दाब बाई, काही असन नसन, ब्रेक दाब."

आणि ब्रेक दाबला की वायपर काचेवरून एकदा फिरून येई.

हे दसऱ्यानंतर सुरू झालं. आधी वाटलं, जुनी गाडी आहे, तिला सवय असेल. मग एकेक लक्षात यायला लागलं. काचेवर पाणी मारायची दांडी ओढली की पाणी येत नसे, हॉर्न मात्र कण्हल्यासारखा वाजे. डावीकडे वळायचा दिवा लावला की काचेवर पाण्याची बारीक पिचकारी उडे, दिव्याच्या लुकलुकीबरोबर, थांबून थांबून. हॉर्न दाबला की पुढचे दिवे मंद होत. उजवीकडे वळताना काही होत नसे, म्हणून मी पहिले चार-पाच दिवस फक्त उजवीकडेच वळत होते आणि त्यामुळे आम्ही रोज सोयाबीनच्या त्याच एका वावराला फेरी मारून घरी येत होतो. वावराचा मालक शेवटी बांधावर उभा राहून विचारू लागला, "प्रदक्षिणा कोन्या देवाची चालू आहे?"

टेस्टच्या आधी हे सुधारायलाच हवं होतं. मिस्तरी आपली पिशवी घेऊन अंगणात आले. पिशवीत पाने, पॉलिश पेपर, आणि दोन तारा जोडलेला एक घरातला मोठा बल्ब. विहिरीवर फेज आहे का नाही हे ते त्या बल्बने बघत. पाण्याच्या बाटलीखाली काचेवर पाणी फेकणारा बोटभर पंप होता, त्याला त्यांनी तो बल्ब लावला. गाडीच्या बॅटरीवर तो बल्ब कसा पेटणार? "फेज गेली," मिस्तरींनी निकाल दिला. मी म्हटलं, काका, गाडीत फेज नसते. ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "बेबी, पानी वढनारी मोटार आहे ना? मंग फेज आहे." मग त्यांनी ठरवलं की पंपाने हवा धरली आहे, आणि तांब्याने बाटलीत पाणी ओतत राहिले, बाटली भरून वाहून अंगणात चिखल होईपर्यंत. मग म्हणाले, मोटार उलटी फिरून राह्यली. विहिरीची मोटार उलटी फिरली तर तीन तारांपैकी दोन अदलाबदल करतात आणि ती सुलटी फिरते, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. इथं दोनच तारा होत्या, त्यांनी त्या दोन्ही अदलाबदल केल्या. मी डावा दिवा लावला. बाटलीतलं पाणी बाटलीतल्या बाटलीत गुडगुडायला लागलं. मिस्तरी खूश झाले. म्हणाले, पाह्य, काहीतरी त बदललं.

मी विज्ञानाची पदवीधर. वहीत परिपथ काढून त्यांना दाखवला. म्हटलं, काका, बॅटरीतून करंट निघते ती पंपापर्यंत जाते, पण तिला परत बॅटरीकडे यायला रस्ता पाहिजे ना? तो रस्ता कुठाय? मिस्तरींनी वही फिरवून पाहिली. मग म्हणाले, "आमच्या मोटारीत परत यायचं काम नसते बाई. तिन्ही फेज आपसात समजून घेतात." आता मला माहीत आहे की तीन फेजच्या मोटारीपुरतं त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि मी पुढे बत्तीस वर्षं ते वाक्य दहावीच्या मुलांना तसंच्या तसं सांगितलं. पण त्या दिवशी मला राग आला. मी पंपच काढायला लावला, त्याच्या तारा सरळ बॅटरीला जोडल्या आणि नळी बादलीत बुडवली. पाण्याची अशी धार उडाली की ती बाजेवर वाळत घातलेल्या मायच्या मुंगवड्यांपर्यंत पोचली. दोन दिवसांच्या मुंगवड्यांची पुन्हा डाळ झाली. माय उलथनं घेऊन बाहेर आली. पण मी नाचत होते, कारण पंप चांगला होता. दोष तारांत होता, परतीच्या रस्त्यात होता. मिस्तरींनी पंप परत बसवला, तारा पहिल्यासारख्या जोडल्या आणि जाता जाता काचेखालच्या पाण्याच्या छिद्रात टाचणी घालून त्याचं तोंड वर केलं. कारण काय, तर "पानी जरा लांब जाऊ दे."

परतीचा रस्ता मी तीन दिवस शोधला. बॉनेटमध्ये काळ्या तारांचा एक जुडगा होता आणि तो कोपऱ्यात, बाटलीशेजारच्या त्या शेंदरी गोळ्यात शिरत होता. तिथपर्यंत माझं बोट गेलं की आपोआप थांबायचं. तिथं देवी होती. मी विज्ञान शिकले होते, पण शेंदूर दिसला की पायातली चप्पल काढायची हे त्याच्या बरंच आधी शिकले होते. मी वरून हात जोडत असे आणि पुढच्या तारेकडे वळत असे. तो गोळा तोवर लिंबाएवढा झाला होता. दसऱ्याला एवढा नव्हता हे मला दिसत होतं, पण देव वाढतात, अशा समजुतीत मी लहानाची मोठी झाले होते.

टेस्टचा दिवस म्हणजे सुट्टीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेच्या फाटकात दिसायचं होतं. मायने पहाटे भाकरी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि तुरीच्या दाण्यांची उसळ डब्यात भरली आणि स्वतःही गाडीत येऊन बसली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, माय म्हणाली, "मीही येतो. चार तासाचा रस्ता, कोनी लक्ष ठेवाय पाहिजे." तिचा चार तासाचा रस्ता दीड तासाचा होता. मंगरूळवरून आम्ही वाशीमला पोचलो. पुढे मी, शेजारी डोळे मिटलेले मिस्तरी, मागे माय आणि भाऊ. वाटेत जिथं जिथं डावीकडे वळलो तिथं काच धुतली गेली, त्यामुळे वाशीमला पोचेपर्यंत आमची काच जिल्ह्यातली सर्वांत स्वच्छ काच होती.

टेस्टच्या मैदानावर चुन्याने मोठा आठचा आकडा काढलेला होता आणि त्याच्याभोवती मोटारसायकलींची रांग होती. टेस्ट घेणारे साहेब पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. त्यांनी मला पाहिलं, मग मागे बसलेल्या मायला पाहिलं, आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "आधी गाडी दाखवा. हॉर्न." मी हॉर्न दाबला, दिवे मंद झाले. "वायपर." वायपर सुरू केला, तो अर्ध्या काचेवर जाऊन विचार करत थांबला. "डावा दिवा." पिचकारी उडाली. साहेब दोन पावलं मागे सरकले. "पाणी मारा." मी दांडी ओढली, आणि हॉर्न कण्हला. रांगेतले पंचवीस लोक हसले. साहेब हसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "तुम्हाला चालवता येतं का नाही, मला माहीत नाही. पण गाडीलाच काय करायचं ते माहीत नाही. अशा गाडीवर मी टेस्ट घेणार नाही. जेवणाची सुट्टी होतेय. ती संपेपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात चेअरमनांचा पुतण्या विज्ञान शिकवत असता.

आम्ही गाडी मैदानाच्या कडेला लावली. मिस्तरींनी तारा अदलाबदल करायला पाना काढला, मी त्यांना हात धरून थांबवलं. माझं डोकं एकदम साफ झालं होतं. मी काळ्या तारांचा तो जुडगा हातात घेतला आणि एकेक तार बोटात धरून चालत गेले. हॉर्नची काळी तार, कोपऱ्यात. वायपरची, कोपऱ्यात. दिव्याची, पंपाची, सगळ्या त्याच कोपऱ्यात. सगळ्यांचा परतीचा रस्ता देवीच्या पोटात जात होता. बोट नेहमीसारखं थांबलं. यावेळी मी ते तिथंच ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, याच्याखाली काय आहे?"

भाऊंनी ढगांकडे पाहिलं. ढग नव्हते. मग म्हणाले, "बोल्ट आहे. म्या घासला होता. तुह्या मायनं शेंदूर लावला. मंग आवळला."

"शेंदरावरून आवळला?"

"मंग काय देवी पुसू?"

तेल आणि शेंदूर. करंटला जायला रस्ता होता आणि परतीच्या दारात माझ्या मायने देवी बसवून ठेवली होती. म्हणून बिचारी करंट मिळेल त्या तारेतून, पंपातून हॉर्नमध्ये, दिव्यातून पंपात, घरी जायची वाट शोधत हिंडत होती. मी मिस्तरींना म्हटलं, काका, हे खरवडा. मिस्तरींनी पाना पिशवीत टाकला, पिशवी पाठीमागे लपवली आणि म्हणाले, "मी आसराच्या अंगाले हात नाही लावत बेबी. मले रोज विहिरीत उतरा लागते." भाऊ आधीच दहा पावलं लांब जाऊन कडुलिंबाची तपासणी करत होते. गाडीतला पाना माझ्या हातात होता. मी काढू शकत होते. पण मागच्या सीटवर माय बसली होती, डबा मांडीवर घेऊन, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

ती खाली उतरली, पदर खोचला, आणि येऊन माझ्याजवळ उभी राहिली. गोळ्याकडे बघत म्हणाली, "मले वाटलं होतं, थे वाढून राह्यली."

"तू रोज लावत होती काय, माय?"

"रोज नाही." मग गोळ्यावर बोट ठेवून, "तू गाडी घेऊन गेली की एक हात देत जाओ. तू परत आली की अजून एक. इतक्या मोठ्या रस्त्यावर माही एकटी पोरगी. म्हटलं, आसराले सांगून ठेवाव."

मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्या गळ्यात पडायचं होतं, आणि साहेबांची सुट्टी संपत आली होती.  ती म्हणाली, "काढलं त गाडी नीट चालते?" म्हटलं, हो. "नाही काढलं त?" म्हटलं, मग शाळा गेली. तिने डब्यातला ठेच्याचा चमचा धुऊन घेतला, रिकामं झाकण पुढे धरलं, आणि बोल्टाला म्हणाली, "माय, रागावू नको. पोरीची नोकरी आहे. तुले काय, तुले पानी कुठंबी भेटते." आणि तिने स्वतःच्या हाताने, पापुद्र्यापापुद्र्याने, सगळा शेंदूर खरवडून झाकणात काढला. एक कणही खाली पडू दिला नाही. खालून बोल्ट निघाला, तेलकट, लाल. मी तो सैल केला, मिस्तरींनी दुरूनच पॉलिश पेपर फेकला, मी तारांची टोकं आणि बोल्ट पांढरेशुभ्र होईपर्यंत घासले आणि जीव लावून आवळले.  देवी झाकणात, झाकण मायच्या हातात.

साहेब आले. "हॉर्न." असा वाजला की कडुलिंबावरचे कावळे उडाले आणि भाऊ दचकले. वायपर खडखडीत. डावा दिवा, फक्त दिवा. "पाणी मारा." मी दांडी ओढली. दसऱ्यापासून अर्धपोटी असलेल्या त्या पंपाला पहिल्यांदा पुरती करंट मिळाली होती आणि छिद्राचं तोंड मिस्तरींनी टाचणीने वर केलेलं होतं. पाणी काचेवर पडलंच नाही. ते टपावरून, एका मोठ्या कमानीत गेलं आणि बाजूला उभ्या असलेल्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, चष्म्यावर आणि फाइलवर उतरलं.  मागून मायचा आवाज आला, "बापा, लय लांब गेलं." साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. फाइल उघडली आणि लिहिता लिहिता म्हणाले, "पाणी आहे." मग मी आठच्या आकड्यावरून गाडी फिरवली, मागे घेतली, चढावर थांबवली, आणि एकदाही चुन्याला चाक लागलं नाही. पास. परत येताना मंगरूळच्या अलीकडं नाल्यावर मायने गाडी थांबवायला लावली आणि झाकणातला शेंदूर पाण्यात सोडला. कितीतरी वेळ ती तिथं उभी होती. मी हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी चावी घेऊन अंगणात आले. डोक्यात शाळा, वर्ग, फळा, आणि मधले चौदा किलोमीटर, आज शेजारी मिस्तरी नाहीत. माय पायरीवर उभी होती. लुगडं नेसलेलं चांगलं, कपाळावर मोठं कुंकू. ती आली आणि पुढच्या सीटवर बसली. म्हटलं, कुठं? ती बॉनेटकडे बोट दाखवत म्हणाली, "तिथं आता कोनी नाही. मी बसतो." मी म्हटलं, माय, शाळेत काय करशील? "मले शाळेत कायले यायचं आहे? मी गाडीत बसतो." वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही निघालो. पूर्ण रस्ताभर ती पुढे बघत होती, दोन्ही हात मांडीवर, डोळे न मिटता. कुठं बैलगाडी आली, कुठं कुत्रं आलं, तरी शब्द नाही. सव्वादहाला मी शाळेच्या फाटकात होते. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग गाडीत बसलेल्या मायला पाहिलं, आणि मान हलवली. समोरच्या घराच्या ओट्यावर पुतण्या दात घासत उभा होता. तो आत गेला.

मायला मी सांगितलं होतं की साडेअकराच्या बसने घरी जा. सातवीच्या वर्गाच्या खिडकीतून बस आलेली आणि गेलेली मला दिसली. मला वाटलं, गेली. दुपारच्या सुट्टीत मी सहज गाडीकडे गेले, तर माय तिथंच होती, पुढच्या सीटवर, काचा पूर्ण वर केलेल्या, घामाने चिंब, चेहरा लालबुंद. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. पोरांनी गाडीभोवती गोल केला होता आणि एकजण काचेवरून तिला विचारत होता, "मावशी, आत काय करून राह्यली?" मी दार उघडलं आणि रागाने ओरडले, "माय, बस होती ना! उतरली काहून नाही? निदान काच त खाली करायची!" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी उतरलो असतो त गाडीपाशी कोन होतं? देव उठून जाते काय?" आणि एकदम विचारलं, "पोरं ऐकतात का तुहं?"

मला रडू आलं. पोरं बघत होती तरी आलं. मी तिला उतरवून शाळेच्या हापशावर नेलं, ती पोटभर पाणी प्याली, आणि मग आम्ही दोघींनी बाकावर बसून माझा एका माणसाचा डबा अर्धा अर्धा खाल्ला. संध्याकाळी तिला घेऊन घरी आले आणि बजावून सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, मला नीट चालवता येतं, हे तू पाहिलंस. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घेऊन अंगणात आले तर माय आधीच पुढच्या सीटवर बसलेली होती. काच खाली होती, आणि मांडीवरच्या डब्यात भाकरी दोघींच्या होत्या.